बटण दाबायच्या आधीची वही

पत्र:

"नमस्कार ताई. मी २६ वर्षांचा, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्याकडं मतदानाच्या आदल्या रात्री काका येतात आणि 'यंदा हे' म्हणून सांगून जातात. गावाकडं आण्णांचा चार एकर ऊस, काका दूध संस्थेत, त्यामुळं गट ठरलेला. पहिल्यांदा मी काकांचं ऐकलं. दुसऱ्यांदा हट्टानं उलटं मत दिलं, तेही मोबाइलवर एका भाषणाची क्लिप बघून. दोन्ही वेळा बाहेर आल्यावर आपण मत दिलंय असं वाटलंच नाही. ज्याचं शेवटचं ऐकतो त्याचंच मला पटतं. माझी स्वतःची राजकीय मतं काय आहेत हे शोधायचं कसं? तत्त्वानं मत दिलं तर ते वाया जातं का? घरात काय सांगायचं? आणि माझं नाव गावच्या यादीत पण आहे, इथं पण आहे, त्याचं काय करू?"

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करूया. तो कायद्याचा आहे आणि बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असतं. कलम २० आणखी स्पष्ट आहे: एखाद्या गावात घर मालकीचं आहे, एवढ्यावर माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. तू राहतोस मंगळवार पेठेत, तर नाव तिथंच ठेव. गावच्या यादीतलं नाव काढायला नमुना ७ भरायचा, निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर किंवा गावच्या बीएलओकडे (मतदारयादी सांभाळणारा केंद्रस्तरीय अधिकारी), आणि कारण म्हणून कायमचं स्थलांतर लिहायचं. इथं हमखास गल्लत होते ती नमुना ८ ची. तो एकाच ठिकाणी नाव असून पत्ता बदलायचा असलेल्यांसाठी आहे. तुझं नाव दोन्हीकडे आधीच असल्यामुळं त्याचा उपयोग नाही. अर्जाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेव, महिन्याभरानं दोन्ही याद्या स्वतः तपास, अडलं तर १९५० वर फोन कर. हे निवडणूक लांब असतानाच कर. महापालिका आणि जिल्हा परिषदेसाठी वेगळी नोंदणी होत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला घेऊन ती प्रभागांत किंवा गटांत फोडली जाते. त्या तारखेनंतर केलेली दुरुस्ती त्या निवडणुकीला लागू होत नाही.

'नाव काढलंस तर जमिनीवरचा हक्क जाईल, सोसायटीतून नाव उडेल,' असं कुणीतरी गावात सांगेल. तसं काही होत नाही. सातबारा महसूल खात्याकडं असतो. सोसायटी, दूध संस्था, कारखाना यांच्या मतदारयाद्या त्यांच्या सभासदांच्या नोंदीवरून होतात. विधानसभेच्या यादीशी त्यांचा संबंध नाही.

आता मूळ प्रश्न. 'ज्याचं शेवटचं ऐकतो त्याचंच पटतं' हे तू स्वतःचा दोष म्हणून लिहिलं आहेस. दोष स्वभावात नाही, क्रमात आहे. तू तपासणीच्या कामात आहेस. ड्रॉइंग हातात नसताना कास्टिंग टेबलावर घेतलं तर पुरवठादार जे बोलेल तेच खरं वाटणार. माप आधी ठरलेलं असतं, गेज आधी तयार असतो, म्हणूनच दिसायला देखणा पार्टसुद्धा तू रिजेक्ट करू शकतोस. मत देताना आपण उलटं करतो. आधी भाषण ऐकतो, मग त्याच भाषणातलं माप घेऊन तेच भाषण तपासतो. काकांचं ऐकून दिलेलं मत आणि काकांवर रागावून दिलेलं मत, दोन्हींत माप काकांचंच होतं. म्हणून बाहेर आल्यावर हाताशी काही लागलं नाही.

तेव्हा एक वही घे आणि त्यात सुरुवातीला एकाही पक्षाचं, पुढाऱ्याचं नाव लिहू नको. पाच वाद लिही. देशातले मोठे वाद घेऊ नको, त्यांवर आपण सगळे ऐकीव वाक्यं बोलतो. तुझ्या पायाखालचे घे. प्रत्येक वादाखाली तीन गोष्टी लिहायच्या: काय व्हावं असं मला वाटतं, त्याची किंमत कोण मोजणार, आणि तरीही तसं का व्हावं. तिसरी ओळ सगळ्यांत अवघड जाते आणि सगळं सापडतं ते तिथंच.

हद्दवाढीपासून सुरू कर, कारण हा वाद तुझ्या एकट्यातच भरलेला आहे. कोल्हापूरची महापालिका १५ डिसेंबर १९७२ ला झाली आणि आजूबाजूची गावं शहरात घ्यावीत की नाहीत हा वाद दशकानुदशकं चालत आला आहे. पेठेत राहणारा तू म्हणशील, शहर कोंडलंय, उत्पन्न वाढल्याशिवाय पाणी-ड्रेनेज होणार नाही. चार एकराच्या आण्णांचा मुलगा म्हणून तूच म्हणशील, घरफाळा वाढेल, शेतावर आरक्षण पडेल आणि ग्रामपंचायतीत हाकेच्या अंतरावर असलेला सरपंच जाऊन लांबचा नगरसेवक येईल. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मग निर्णय कुणी घ्यावा? ग्रामसभेच्या ठरावाला नकाराधिकार असावा का? की एका शहराचा वापर करणाऱ्या सगळ्यांनी त्याचा खर्च उचलावा, संमती असो वा नसो? तू जे लिहिशील ते हद्दवाढीवरचं मत असेलच, पण त्याच्या खाली स्थानिक संमती मोठी की सामायिक गरज मोठी, यावरचं तुझं मत निघालेलं असेल.

दुसरा वाद पूररेषेचा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये निर्बंध. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आलं ते तू पाहिलंच आहेस. रेषेच्या आत ज्याचा गुंठाभर प्लॉट आहे, ज्यानं कर्ज काढून घेतला, त्याला बांधू द्यायचं का? नाही म्हणालास तर त्याची आयुष्याची कमाई अडकते. हो म्हणालास तर पाण्याची वाट अडते आणि ते वरच्या गल्लीत शिरतं. भरपाई देऊन हटवायचं म्हटलंस तर पैसे सगळ्यांच्या करातून जातात.

तिसरा वाद प्रस्तावित नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा घे: कितीही मोबदला दिला तरी सक्तीनं जमीन घेणं चूक, की पुरेसा मोबदला असेल तर न्याय्य? चौथा वाद पैशाचा हवा. कर्जमाफी किंवा लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये असा एखादा. पाचवा तुझ्या मनाला जे सतत टोचतं तो: शाळा, पंचगंगेचं पाणी, फौंड्रीतले कंत्राटी कामगार, काहीही.

पाचही लिहून झाले की चार दिवस वही बंद ठेव. मग फक्त 'का' च्या ओळी वाच. समज, हद्दवाढीत तू लिहिलंस 'गावाला विचारल्याशिवाय नको', शक्तिपीठाखाली लिहिलंस 'संमतीशिवाय जमीन नको', आणि पूररेषेखाली मात्र 'सक्तीनं हटवा'. वरवर हे विसंगत दिसतं आणि इथंच पुष्कळ लोक वही मिटतात, आपल्याला काही ठाम मतच नाही असं समजून. तसं नाही. या तीन उत्तरांतून एक पूर्ण वाक्य तयार होतं: 'लोकांच्या संमतीशिवाय सरकारनं काही लादू नये, दुसऱ्याचा जीव धोक्यात येत असेल तेवढं सोडून.' अपवादासकट लिहिलेलं हे वाक्य म्हणजे तुझं तत्त्व. दुसऱ्या कुणाच्या वहीत नेमकं उलटं निघेल: 'सगळ्यांच्या सोयीसाठी थोड्यांना सोसावं लागलं तर चालेल, पण भरपाई चोख हवी.' तेही तितकंच प्रामाणिक तत्त्व आहे. विसंगती खरोखर असते तिथं वेगळंच दिसतं. मोबदला आपल्याला मिळणार असेल तिथं 'हो' आणि दुसऱ्याला मिळणार असेल तिथं 'नको', असं लिहिलं गेलेलं असतं. तसं एखादं सापडलं तर लपवू नको, त्याच्यासमोर फुली मार आणि पुन्हा लिही.

यानंतरची परीक्षा अदलाबदलीची. ज्या पक्षाचा तुला राग येतो त्यानं हाच निर्णय घेतला असता तर? २०२५ च्या जुलैत विधानसभेनं विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केलं. त्यावर बाजूनं आणि विरोधात भरपूर भाषणं झाली. ती बाजूला ठेव आणि मूळ मजकूर वाच. संघटना बेकायदा कोण ठरवणार, त्यावर तपासणी करणारं सल्लागार मंडळ कसं नेमलं जाणार, एवढी दोनच कलमं शोध. मग स्वतःला विचार: हे अधिकार तुला न आवडणाऱ्या सरकारच्या हाती असते तरी तुझं उत्तर हेच राहिलं असतं का? लाडक्या बहिणीलाही हाच प्रश्न लाव: दुसऱ्या बाजूनं हीच योजना आणली असती तर तू तिला आधार म्हणाला असतास की खिरापत? नाव बदललं आणि उत्तर बदललं, तर तिथं तत्त्व नव्हतं, बाजू होती.

वहीतून आता चार-पाच वाक्यं वेगळ्या पानावर काढायची. त्यांत निरुपयोगी वाक्यं घुसतातच. 'विकास व्हावा', 'भ्रष्टाचार नको', 'शेतकऱ्याला न्याय मिळावा'. ओळखायची खूण अशी की वाक्य उलटं करून बघायचं. 'भ्रष्टाचार हवा' असं व्यासपीठावरून म्हणणारा सापडतो का? नाही. मग त्या वाक्यानं उमेदवारांत निवड करता येणार नाही. त्याऐवजी 'निविदा आणि बिलं सगळ्यांना बघता यावीत, त्यानं काम उशिरा झालं तरी चालेल' असं लिही. याला विरोध करणारे भेटतात, म्हणजे हे वाक्य कामाचं.

आपल्या जिल्ह्यात या सापळ्याचं एक खास रूप आहे. कुठल्याही पक्षाची सभा असो, सुरुवात शाहू-फुले-आंबेडकरांच्या नावानं होते. नाव घेतलं म्हणून खूश होऊ नको, रागावूही नको. शाहू महाराजांनी नेमकं काय केलं ते समोर धर. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत आंबेडकरांच्या पाठीशी उघड उभे राहिले. यातल्या प्रत्येक गोष्टीत कुणाला तरी काही सोडावं लागलं होतं आणि ते माहीत असून निर्णय झाला होता. म्हणून उमेदवाराला विचारायचं ते असं: जिल्ह्यातल्या वसतिगृहांची अवस्था, शिष्यवृत्तीचे थकलेले पैसे, कमी पटाच्या शाळा, यावर तुम्ही सभागृहात काय मांडलंत? हाच गोंधळ पक्षांच्या घटनांतही होतो. समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही हे शब्द तुला प्रत्येक नोंदणीकृत पक्षाच्या कागदात दिसतील, कारण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९-अ त्यांना तसं लिहायलाच लावतं. शब्दांवरून पक्ष ओळखू नको.

चार-पाच वाक्यांना क्रम लाव. दोन-दोन घेऊन विचार: दोन्ही मिळणार नसतील तर कुठलं सोडेन? आणि याच पानाच्या तळाशी एक रेघ ओढून खाली एक किंवा दोनच गोष्टी लिही, ज्या असतील तर बाकी काहीही जुळलं तरी मत द्यायचं नाही. जाती-धर्मावरून माणसं अंगावर घालणं, बाईवरच्या अत्याचाराचा गुन्हा, जे तुला वाटेल ते. दोनच का? रेघेखाली दहा गोष्टी लिहिल्या तर कुणीच उरत नाही, आणि मग माणूस 'सगळे सारखेच' म्हणून पुन्हा काकांकडं जातो.

घराच्या हिताचं पान वेगळं ठेव. तत्त्वानं मत द्यायचं म्हणजे आण्णांच्या उसाचा विचार करायचा नाही असं कुणी सांगत असेल तर ऐकू नको. चार एकरावर घर चालतं, ते हित खरं आहे. फक्त ते हित म्हणून लिही, त्याला तत्त्वाचे कपडे घालू नको. हे दोन्ही वेगळे ठेवले की कोल्हापुरातली सगळ्यांत मोठी गुंतागुंत सुटते, ती म्हणजे सहकार आणि पक्ष यांची सरमिसळ. दूध संघ, जिल्हा बँक, साखर कारखाना यांच्या निवडणुकांत पॅनेल असतं आणि विधानसभेला एकमेकांसमोर उभे राहणारे तिथं एकाच पॅनेलमध्ये दिसतात. सभासद म्हणून तिथं मत देताना हिताकडं बघणं रास्तच आहे: दर किती, बिल वेळेत येतं का, लेखापरीक्षणात काय निघालं, वार्षिक सभेत प्रश्न विचारू देतात का. पण त्या पॅनेलला दिलेला शब्द विधानसभेपर्यंत ओढत न्यायचं कारण नाही. ती दोन वेगळी सभागृहं आहेत आणि त्यांत दोन वेगळी कामं चालतात.

कामं कुठं चालतात हे नीट माहीत नसेल तर चांगली तत्त्वंही चुकीच्या माणसावर लावली जातात. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान रास्त दर, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी ती क्विंटलला ३५५ रुपये ठरली. ती १४ दिवसांत द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजासह. दर किती असावा हा प्रश्न खासदाराचा, वसुली का होत नाही हा राज्याचा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची हा कृष्णा लवादाचा, संबंधित राज्यांचा आणि न्यायालयाचा विषय, म्हणजे पुन्हा आमदार-खासदारांना विचारायचा. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य राज्याकडं. नळाचं पाणी, कचरा, केएमटीच्या शहर बस, बांधकाम परवाने, घरफाळा महापालिकेकडं. खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. त्यातून गल्लीत पेव्हिंग ब्लॉक बसले तर बरंच आहे, पण त्यावरून खासदार जोखू नको. मतविभागणी झाली असेल तिथं त्यानं कुठल्या बाजूनं मत दिलं, कुठले तारांकित प्रश्न विचारले, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर नावानिशी मिळतं. आमदाराचे प्रश्न आणि लक्षवेधी विधिमंडळाच्या कामकाजात बघायच्या.

यावरून माणूस बघायचा की पक्ष, या जुन्या वादाचंही उत्तर मिळतं. लोकसभा-विधानसभेत पक्षादेश मोडणाऱ्याचं सदस्यत्व १० व्या परिशिष्टाप्रमाणे जाऊ शकतं. उमेदवार कितीही सज्जन असो, कायद्यावर मतदानाच्या दिवशी तो पक्ष सांगेल तसं हात वर करणार. म्हणून तिथं पक्षाच्या भूमिकेला जास्त वजन दे. नगरसेवकालाही राज्याच्या १९८६ च्या कायद्यानं पक्षादेश लागू असतो, पण त्याचं रोजचं काम पाठपुराव्याचं, तिथं माणसाला जास्त वजन दे. प्रभाग बहुसदस्यीय असेल तर अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेचं मत वेगळं असतं, चारही एकाच पॅनेलला द्यायचं बंधन नाही. मात्र प्रत्येक जागेसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर तिथलं नोटा दाब, तसंच निघून येऊ नको.

२०२२ आणि २०२३ मध्ये राज्यातले दोन पक्ष फुटल्यावर 'आम्ही मत एकाला दिलं, गेलं दुसरीकडं' असं वाटणारे लोक सगळ्या बाजूंना आहेत. पक्षांतर कायद्यानं पूर्ण थांबलेलं नाही. तुझ्या हातात असतं ते एवढं: उमेदवारानं मागच्या तीन निवडणुका कुठल्या चिन्हावर लढल्या ते काढ आणि बाजू बदलली असेल तर त्या वेळी त्यानं दिलेलं कारण वाच. कारणात एखादा निर्णय, कायदा, धोरण आहे की फक्त 'कार्यकर्त्यांची भावना' आहे?

उमेदवार तपासायचा मुख्य कागद म्हणजे नमुना २६ चं शपथपत्र. अर्जासोबत ते भरावंच लागतं आणि विधानसभा-लोकसभेची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतात. एका उमेदवाराला अर्धा तास दे. गुन्ह्यांच्या तक्त्यात आकडा मोजू नको, कलम वाच. आपल्याकडं ऊसदरासाठी रस्ता अडवलेला, टोलविरोधात उतरलेला माणूस असेल तर त्याच्यावर गुन्हे असणारच: जुन्या भारतीय दंड संहितेचं १४३ म्हणजे बेकायदा जमाव, १८८ म्हणजे आदेश मोडणं, ३४१ म्हणजे वाट अडवणं. असे सहा गुन्हे असलेला आणि ४२० म्हणजे फसवणूक, ३५४ म्हणजे विनयभंग किंवा ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न यांतला एकच गुन्हा असलेला, यांना एका मापानं मोजू नको. १ जुलै २०२४ पासूनचे गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली असतात आणि आकडे बदललेत: फसवणूक ३१८, विनयभंग ७४, खुनाचा प्रयत्न १०९. खटला कुठल्या टप्प्यावर आहे, आरोप निश्चित झालेत का, तेही त्याच तक्त्यात असतं.

मालमत्तेचं पान वाचताना मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेव. वडिलोपार्जित आणि स्वतः घेतलेली जमीन वेगळी दाखवलेली असते. बायपासला लागून असलेल्या शेताची किंमत पाच वर्षांत फुगली, तर त्यात गैर असेलच असं नाही. नव्यानं घेतलेली स्थावर मालमत्ता आणि प्राप्तिकरात दाखवलेलं पाच वर्षांचं उत्पन्न यांची तोंडमिळवणी होते का, ते बघ. देणी आणि सरकारी थकबाकीचा रकाना लोक वाचतच नाहीत, तू वाच. जाहीरनामा मात्र शेवटी बघायचा, आणि त्यात एकच शोधायचं: आश्वासनासाठी पैसे कुठून येणार ते लिहिलंय का. आचारसंहितेतच तशी अपेक्षा घातलेली आहे.

'वाया जाईल का?' हा प्रश्न तू विचारलास. जास्तीत जास्त मतं ज्याला, तो निवडून येतो, बाकीच्यांची मतं जागेत उतरत नाहीत, हे खरं. पण ती मोजली जातात. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा कमी मतं पडली की अनामत जप्त होते. पक्षाला राज्यस्तरीय मान्यता मिळायची एक वाट म्हणजे विधानसभेत ६ टक्के मतं आणि दोन जागा, दुसरी म्हणजे नुसती ८ टक्के मतं. हरलेली मतं बघून पुढच्या खेपेला कुणी उभं राहायचं ते ठरतं आणि जिंकणारा कुठले मुद्दे उचलायचे ते ठरवतो. तरीही निवड अशी कर: रेघेखालच्या गोष्टींत अडकणारे आधी काढ. उरलेल्यांत तुझ्या पहिल्या दोन वाक्यांना सगळ्यांत जवळचा कोण ते बघ. तो जिंकण्यासारखा असेल तर प्रश्नच नाही. नसेल, आणि जिंकू शकणाऱ्या दोघांपैकी एक जण रेघेखालचा असेल, तर त्याला अडवण्यासाठी दुसऱ्याला मत देणं हेही तत्त्वातच बसतं, कारण ती रेघ तूच आखली आहेस. दोघंही रेघेच्या वरचे असतील तर मात्र बिनधास्त आपल्या माणसाला दे. नोटा सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानं आलं. लोकसभा-विधानसभेला नोटा पहिलं आलं तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. महापालिकांसाठी राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला, नोटा पहिलं आलं तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. सगळेच रेघेखाली गेले तर नोटा योग्य. वही भरायचा कंटाळा आला म्हणून नको.

आता घर. काका चुकीचे आहेत असं सिद्ध करायला जाऊ नको. ऊसतोड वेळेत मिळते, दवाखान्यात कुणाला तरी फोन जातो, सोसायटीत कर्ज अडत नाही, हे त्यांना गटानं दिलेलं आहे आणि त्यांनी ते घरासाठीच वापरलंय. ते 'यंदा हे' म्हणाले की वाद पुढाऱ्यावरून उचलून कामावर आण: 'काका, एफआरपीचं व्याज यांनी कधी मागितलं का?' उत्तर मिळालं तर वहीत लिही, तुझं मत बदलण्याइतकं ते चांगलं असू शकतं. मग म्हण, 'ऐकलं मी. विचार करून देतो.' शब्द देऊ नको आणि खोटंही बोलू नको. आण्णांना मात्र मोकळेपणानं सांग, तुला काय महत्त्वाचं वाटतं आणि का. नाव सांगायची गरज नाही.

'कुणी कुणाला दिलं ते आम्हाला कळतं' ही धमकी अर्धवट माहितीवर चालते. कुणाचं मत कुठं गेलं हे यंत्रात नोंदत नाही. मतदान केंद्रातल्या नोंदवहीवर तुझी सही होते, पण बटणाशी ती जोडलेली नसते. कळतं ते केंद्राचं एकूण: मतमोजणीचे आकडे केंद्रनिहाय जाहीर होतात आणि एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात. त्यावरून गल्लीचा अंदाज बांधता येतो, माणसाचा नाही. म्हणून निकालापर्यंत स्टेटस ठेवू नको, 'मी याला दिलं' म्हणून मित्रांत सांगू नको, आत मोबाइल नेऊ नको. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती तू एकट्यानं बघायची.

पाकीट घेऊ नको, 'घेऊन मत आपल्याच मनानं देऊ' हा हिशेबही करू नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे घेणाराही लाचेचा गुन्हेगार ठरतो, आणि १७३ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची जेवणावळ त्यातच येते, तिला नुसता दंड आहे एवढाच फरक. मताच्या बदल्यात तोड किंवा कर्ज अडवायची भीती घालणं हा १७१ खाली वेगळा गुन्हा आहे. विधानसभा-लोकसभेला सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा व्हिडिओसह तक्रार करता येते आणि १०० मिनिटांत कारवाईचं बंधन असतं. नाव न देताही ती करता येते.

मत देऊन आल्यावर त्याच संध्याकाळी वहीत लिही: तारीख, कुणाला, वहीतल्या कुठल्या वाक्यासाठी, आणि कुठली गोष्ट मनाला न पटता सोडून दिली. निवडून कोण आलं याच्याशी या नोंदीचा संबंध नाही. सहा महिन्यांनी त्यातल्या एका गोष्टीवर माहिती अधिकाराचा अर्ज टाक. शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. 'आमच्या प्रभागात काय काम झालं' असा सैल प्रश्न विचारलास तर सैल उत्तर येईल. 'अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची पानं आणि अंतिम बिल यांच्या प्रती द्या' असं लिही. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

वर्षातून एकदा, अर्थसंकल्पाच्या सुमाराला, पाच वादांची पानं पुन्हा वाच. एखादं मत बदललं असेल तर जुनं खोडू नको, खाली तारीख घालून नवं लिही आणि कशामुळं बदललं तेही. नमुना ७ चा संदर्भ क्रमांक मात्र आजच पहिल्या पानावर उतरून घे. गावचा बीएलओ विचारेल तेव्हा तोच लागेल.